फोमच्या लेआउटवर हाताने सांधे बदलण्याची सोय

मॉडेल रेल्वेचा पहिला लेआउट, म्हणजे रूळ आणि देखाव्याची मांडणी, फोमच्या शीटवर उभारण्याचा सल्ला आज बहुतेक नवोदितांना मिळतो, आणि तो योग्यच आहे. फोम हलका असतो, सुरीने कापता येतो, त्यातून नाले आणि उतार सहज कोरता येतात, आणि सदनिकेतल्या एका खोलीत बसवलेला लेआउट दोघांना उचलून हलवता येतो. मात्र रूळ अंथरून झाल्यावर सांधे, म्हणजे गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारे सरकते रूळ, बदलण्यासाठी खटके आणि दांड्या बसवायची वेळ आली की या फोमचा मोठा दोष पुढे येतो. फोममध्ये स्क्रू टिकत नाही. पसरून आलेला दाब तो चांगला सहन करतो, परंतु एका बिंदूवर वारंवार येणारी ओढ त्याला सहन होत नाही. भोक हळूहळू रुंदावते, खटका हलू लागतो आणि सांधा अर्धवट बसतो. म्हणून पुढे जे काही सांगणार आहे ते एकाच नियमाभोवती फिरते: सांधा बदलताना हाताचा जोर लाकडावर यावा, फोमवर येऊ नये.

फोम कोणता, हे आधी स्पष्ट असावे. गणपतीच्या मखरांसाठी पूर्वी सर्रास वापरला जाणारा पांढरा, दाणेदार थर्माकोल या कामाला उपयोगी नाही. तो कापताना दाणे सुटतात आणि ते नेमके सांध्याच्या फटीत जाऊन बसतात. (सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदीही आहे.) आपल्याला हवा तो एक्सपीएस, म्हणजे गच्चीच्या आणि शीतगृहांच्या उष्णतारोधनासाठी वापरली जाणारी, घट्ट पोताची रंगीत शीट. ती २५ आणि ५० मिलिमीटर जाडीत मिळते. दोन्ही फोम पॉलिस्टायरीनचेच असल्यामुळे द्रावकयुक्त गोंद आणि स्प्रेचे रंग दोहोंनाही विरघळवतात. लाकूड फोमला चिकटवण्यासाठी पाण्यावर आधारित अ‍ॅक्रिलिक सीलंट सर्वांत सोयीचे पडते. फेविकॉल चालतो, पण दोन मोठ्या पृष्ठभागांच्या मध्ये हवा पोहोचत नसल्याने तो वाळायला फार वेळ घेतो, आणि नवोदिताचा धीर नेमका तिथेच सुटतो.

सांध्याची रचना थोडक्यात अशी असते. दोन सरकते रूळ एका आडव्या पट्टीने, म्हणजे थ्रोबारने, जोडलेले असतात. ही पट्टी एका बाजूला सरकली की गाडी सरळ जाते, दुसऱ्या बाजूला सरकली की वळते. १:८७ प्रमाणाच्या एचओ मॉडेलमध्ये रुळांमधील अंतर १६.५ मिलिमीटर असते आणि १:१६० प्रमाणाच्या एन मॉडेलमध्ये ९ मिलिमीटर. थ्रोबारचा प्रवास मात्र दोन्हीकडे जेमतेम दोन ते तीन मिलिमीटरचा असतो. एवढ्या छोट्या प्रवासात पाऊण मिलिमीटर जरी फोमच्या लवचीकपणात हरवला, तरी सरकता रूळ बाजूच्या रुळाला पूर्ण टेकत नाही आणि चाक मध्येच उतरते. पेको या कंपनीच्या सांध्यांत थ्रोबारजवळ एक छोटी स्प्रिंग असते, जी रुळांना दोन्ही टोकांना दाबून धरते. असा सांधा नुसत्या बोटानेही बदलता येतो, आणि लेआउटच्या काठाजवळच्या सांध्यासाठी सुरुवातीला तेवढे पुरेसे आहे. ज्या सांध्यांत अशी स्प्रिंग नसते, त्यांना टोकाला धरून ठेवणारी यंत्रणा बाहेरून द्यावीच लागते.

रुळाशेजारी बसवायचा छोटा खटका, म्हणजे ग्राउंड थ्रो, हा सर्वांत परिचित पर्याय आहे. तो फोमवर थेट ठोकण्याचा मोह टाळावा. सांध्याच्या बाजूला फोममध्ये खाच करून त्यात सहा मिलिमीटर प्लायवुडचा, निदान तळहाताच्या निम्म्या आकाराचा तुकडा सीलंटने बसवावा, त्याचा वरचा पृष्ठभाग स्लीपरच्या तळाशी जुळवावा, आणि खटका त्या तुकड्यावर स्क्रूने पक्का करावा. तुकडा मोठा घेण्याचे कारण एवढेच की खटक्याची ओढ त्यामुळे फोमच्या मोठ्या क्षेत्रावर वाटली जाते. माझे वैयक्तिक मत या खटक्यांबद्दल फारसे अनुकूल नाही. एचओ लेआउटवर ते थोडे मोठे दिसतात आणि एन लेआउटवर तर बेढब दिसतात. शिवाय प्रत्येक वेळी सजावटीवरून हात न्यावा लागतो आणि कोपराने झाडे मोडतात.

म्हणून मला लेआउटच्या दर्शनी पट्टीतून, म्हणजे पुढच्या काठावरच्या उभ्या पट्टीतून, बाहेर येणारी ओढदांडी अधिक पसंत आहे. रूळ काठाला समांतर असेल तर थ्रोबारची दिशा काठाकडेच असते, त्यामुळे सांध्यापासून दर्शनी पट्टीपर्यंत सरळ दांडी टाकता येते. रूळ अंथरण्यापूर्वी फोमच्या वरच्या थरात सात-आठ मिलिमीटर खोल चर कापावा, त्यात प्लास्टिकची बारीक नळी बसवावी आणि नळीतून एक मिलिमीटर जाडीची पियानो वायर, म्हणजे कडक पोलादी तार, न्यावी. सांध्याकडील टोक काटकोनात वर वळवून थ्रोबारच्या भोकात खालून अडकवायचे असते. नळीची दोन्ही टोके लाकडी ठोकळ्यांत घट्ट बसवणे हा या रचनेतला महत्त्वाचा भाग आहे, कारण वायर ढकलली की नळी उलट दिशेने सरकू पाहते, आणि ती नुसती फोममध्ये असेल तर दांडीऐवजी नळीच हलते. अंतर कमी असेल तर बॉलपेनच्या रिकाम्या, स्वच्छ केलेल्या रिफिलीही नळी म्हणून चालतात. रूळ काठाला तिरका असेल तर मध्ये काटकोनी तरफ, म्हणजे बेल क्रँक, घालावी लागते. तिची खीळही प्लायवुडच्या तुकड्यातच हवी.

दांडीच्या बाहेरच्या टोकाशी साधा स्लाइड स्विच, म्हणजे कळ सरकवून चालवायचा विजेचा स्विच, जोडला तर एकाच वस्तूने दोन कामे होतात. दर्शनी पट्टीच्या आत लाकडी कोनावर स्विच असा बसवायचा की त्याची कळ आत-बाहेर सरकेल. कळीला हाताच्या ड्रिलने एक मिलिमीटरचे आरपार भोक पाडून त्यातून वायर न्यायची आणि तिच्या बाहेरच्या टोकाला मूठ लावायची. स्विचचा स्वतःचा खटका दांडीला दोन्ही टोकांना धरून ठेवतो. स्विचच्या कळीचा प्रवास बहुधा थ्रोबारपेक्षा जास्त असतो, म्हणून नळी आणि स्विच यांच्या मध्ये वायरला इंग्रजी यू आकाराचा वळसा द्यावा. जादा प्रवास तो वळसा पचवतो आणि सांध्यावर ताण येत नाही. पेकोची स्प्रिंग काढून टाकण्याचा सल्ला इथे काहीजण देतात, पण ती एकदा काढली की पुन्हा बसवणे किचकट असल्याने दांडीची चाचणी पूर्ण होईपर्यंत तिला हात लावू नये.

दुसरे काम विजेचे आहे. रूळ एकमेकांना छेदतात तो भाग, म्हणजे फ्रॉग, ज्या सांध्यात धातूचा आणि विद्युतवाहक असतो, तिथे त्याची ध्रुवता सांधा बदलताना बदलावी लागते. स्विचचे मधले टर्मिनल फ्रॉगला आणि बाजूची दोन टर्मिनले बाहेरच्या दोन रुळांना जोडली की ते आपोआप घडते. इंजिन फ्रॉगवर जाताच शॉर्ट सर्किट झाले तर बाजूच्या दोन वायरींची अदलाबदल करावी. सोल्डरिंग स्विच बसवण्यापूर्वी आणि झटपट उरकावे, कारण तापलेल्या टर्मिनलभोवतीचे प्लास्टिक मऊ पडून कळ अडकते. फ्रॉग प्लास्टिकचा असेल तर या वायरिंगची गरजच नाही.

पुण्यात या सामानासाठी मॉडेल रेल्वेचे खास दुकान शोधत बसण्याचे कारण नाही. स्लाइड स्विच, वायर आणि सोल्डरिंगचे साहित्य बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत मिळते. स्क्रू, पितळी नळ्या आणि बारीक ड्रिल बिट्स यांसाठी रविवार पेठेतली बोहरी आळी पुरेशी आहे. पियानो वायर, बेल क्रँक आणि दांडीच्या टोकाचे जोड रेडिओ कंट्रोल विमानांचे सामान विकणाऱ्यांकडे मिळतात. लांब दांडीसाठी सायकलचा दोन मिलिमीटर जाडीचा स्पोक मला विशेष आवडतो, कारण त्याच्या एका टोकाला आटे असतात आणि निप्पल फिरवून लांबी थोडी कमी-जास्त करता येते. मांडणी ठरवण्यापूर्वी कोथरूडमधील जोशींचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय अवश्य पाहावे. तिथे गाड्या धावताना एका सांध्यापाशी थांबून रूळ कसे सरकतात ते निरखले, तर दोन-तीन मिलिमीटर म्हणजे किती हे नेमके कळते.

स्विच सांध्याच्या बरोबर खाली बसवण्याची पद्धतही प्रचलित आहे, पण ५० मिलिमीटर फोम, खालचे प्लायवुड आणि वर रुळांखाली अंथरलेला कॉर्क मिळून वायर साठ मिलिमीटरहून लांब होते. इतकी लांब वायर बारीक असेल तर थ्रोबार सरकण्याऐवजी तीच वाकते, त्यामुळे तिची जाडी एक मिलिमीटरपेक्षा कमी नसावी. फोममधील भोकासाठी धार लावलेली पितळी नळी हाताने फिरवावी; ड्रिल मशीन फोम फाडते.

खडी घालणे सर्वांत शेवटी. त्याआधी प्रत्येक दांडी पुष्कळ वेळा आत-बाहेर करून आणि डबे दोन्ही मार्गांवरून हाताने ढकलून पाहावेत, कारण खडी चिकटल्यावर चर पुन्हा उघडणे फार त्रासाचे असते. थ्रोबारखालच्या फटीवर कार्डपेपरची पातळ पट्टी ठेवावी, थ्रोबारच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकला अपाय न करणाऱ्या तेलाचा थेंब द्यावा, आणि खडी चिकटवणारा पाणी घातलेला फेविकॉल वाळेपर्यंत मधूनमधून सांधा हलवत राहावा. सगळ्या मुठींचा संकेत एकच ठेवावा: मूठ आत म्हणजे गाडी सरळ, बाहेर म्हणजे वळण. लेआउट वारंवार हलवावा लागणार असेल तर मुठी दर्शनी पट्टीच्या खोबणीत बसवाव्यात. दारातून नेताना चौकटीला पहिला धक्का लागतो तो बाहेर आलेल्या मुठीचाच.