जबडा बारका, कान अर्धवट, तोंडातली टाळू फाटलेली: बाळाला घेऊन ओपीडीला निघण्याआधी

नागपूरचं मेडिकल असो, मेयो असो की मिहानचं एम्स, दुपटी-लंगोट कुणी सांगायला नको. फाईलमध्ये सोनोग्राफीचे रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड आणि वजनाच्या नोंदी. गरोदरपणात फिट्सची किंवा मुरमांची गोळी चालू असेल तर तिचं पाकीटही घ्या. ग्रहणात विळी धरल्याची चर्चा आजीबाईंकडेच राहू द्या, डॉक्टरांना गोळीचं नाव हवं असतं.

आता कान. कानाच्या तपासणीची वेळ आधीच घ्या, ‘चेहऱ्याचं उरकलं की बघू’ म्हणू नका. ट्रीचर कॉलिन्स किंवा गोल्डनहार (जन्मतःच चेहऱ्याची, जबड्याची आणि कानाची वाढ नीट न झालेले आजार) असेल तर कानाच्या आतली हाडंही बिघडलेली असू शकतात. टाळू फाटलेली असेल तर कान दिसायला छान असतो, पण पडद्यामागे पाणी साचतं. जन्मल्यावर ओएई (ऐकण्याची झटपट प्राथमिक चाचणी) ‘पास’ आली म्हणून गाफील राहू नका, बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी चाचणी) करायची का ते विचाराच. कानाला भोकच नसेल तर हाडातून आवाज देऊन बेरा करतात, तशी सोय तिथे आहे का तेही विचारा. बेरासाठी बाळ गाढ झोपेत लागतं, म्हणून ऑटोत झोपू देऊ नका. तिथे पोचल्यावर पाजा. गुंगीचं औषध देणार असतील तर मात्र उपाशी ठेवावं लागतं, किती तास ते आधी विचारून घ्या. ऐकू कमी येतं का याचं निदान वयाच्या तीन महिन्यांच्या आत, ऐकण्याचं यंत्र सहा महिन्यांच्या आत. डोक्याला बांधायच्या पट्टीतलं यंत्र ऑपरेशनसाठी थांबत नाही, तुम्हीही थांबू नका.

झोपेतल्या श्वासाचा व्हिडिओ काढा, छाती उघडी ठेवून, आवाजासकट. पिएर रॉबिनमध्ये (जबडा बारका असतो तो आजार) जीभ मागे पडून श्वास अडतो. पालथं निजवायचं का, हे डॉक्टरांनीच ठरवावं. छाती आत ओढली जात असेल, ओठ निळे पडत असतील तर ओपीडीची वाट कसली बघता, थेट इमर्जन्सी.

दूध पाजताना बाळ उभं धरा. बोंडल्याने घशात ओतणं बंद.

बाकी भराभर. रॉबिन असेल तर डोळे तपासा, गोल्डनहारची शंका असेल तर डोळे, किडनीची सोनोग्राफी, मणके. आईबाबांचे लहानपणचे फोटो न्या, सौम्य खुणा कधीकधी घरातच सापडतात. ओठाचं ऑपरेशन साधारण तिसऱ्या महिन्यानंतर, टाळूचं वर्षाच्या आसपास, वजन आणि हिमोग्लोबिन बघून. खर्चासाठी आरबीएसकेची (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, मुलांच्या तपासणी-उपचारांची सरकारी योजना) चौकशी अंगणवाडीत करा. आधार, रेशनकार्ड, झेरॉक्स. आणि कान पुन्हा कधी तपासायचे, ती तारीख केसपेपरवर लिहून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.