टर्कीसाठी शॉटगन घेताय? दुकानात जाण्याआधी या चुका टाळा

पेनसिल्व्हेनियातल्या माझ्या पहिल्याच सीझनला टर्कीचा एक नर माझ्या हातून जखमी झाला आणि झाडीत निघून गेला. दुपारपर्यंत शोधलं. पिसं सापडली, पक्षी नाही सापडला. शॉटगन, म्हणजे एका बारात पुष्कळ छर्रे फेकणारी बंदूक, कोरी होती, काडतुसं महागाची होती, अंतर पस्तीस यार्डांच्या आतलं होतं. नंतर त्याच बंदुकीचा बार कागदावर काढून पाहिला, तेव्हा कळलं की छऱ्यांचा झोत नेमाच्या वीतभर डावीकडे आणि खाली जातोय. दुकानातून आणल्यापासून मी ती एकदाही कागदावर तपासली नव्हती. तो पक्षी अजून डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

माझं माहेर सिंधुदुर्गातलं. तिकडे बंदूक म्हणजे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बारा बोअर, रानडुकरांना हाकलायला काढलेली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर छंद म्हणून शिकार हा विषयच तिथे संपला. अमेरिकेत टर्कीची शिकार परवाना, हंगाम आणि ठरवून दिलेली संख्या यांच्या चौकटीत चालते, आणि ती चौकट कष्टानं उभी राहिलेली आहे. १९३० च्या दशकात अख्ख्या देशात जेमतेम दोनेक लाख रानटर्की उरले होते. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानं लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर वन्यजीवांच्या कामाकडे वळवला. राज्यांनी जंगली पक्षी पकडून नव्या रानांत सोडले. आज ही संख्या साठ लाखांच्या घरात मानली जाते. इतक्या मेहनतीनं परत आलेल्या पक्ष्यावर न तपासलेली बंदूक रोखणं मला आता पटत नाही.

कागदपत्रांआधी बंदूक बघणं

आपल्या लोकांकडून सर्रास होणारी ही चूक, आणि सगळ्यात महागात पडणारीसुद्धा. एच-वन-बी किंवा तशा तात्पुरत्या व्हिसावर असाल, तर अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार बंदूक बाळगायलाच बंदी आहे. जवळ वैध हंटिंग लायसन्स असणं हा त्यातल्या मोजक्या अपवादांपैकी एक. म्हणजे आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स, मग लायसन्स, मग बंदूक. मित्राची बंदूक रेंजवर ‘नुसती धरून बघणं’सुद्धा यात येऊ शकतं. दुकानात भरायच्या ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मवर चुकीचं उत्तर देणं हा गुन्हा आहे, आणि त्याची झळ थेट इमिग्रेशनला लागते. शंका असेल तर वकिलाला विचारा, काउंटरवरच्या माणसाला नको. ग्रीन कार्डवाल्यांना ही अडचण नाही. पण न्यूजर्सी आणि इलिनॉयसारख्या राज्यांत खरेदीआधी राज्याचं वेगळं ओळखपत्र काढावं लागतं, त्याला वेळ लागतो. एप्रिलमध्ये जाग आली तर त्या वर्षीचा सीझन हुकलाच समजा.

‘मोठी बंदूक म्हणजे खात्रीची बंदूक’

आपण ज्याला बारा बोअर म्हणतो, तेच इथलं १२ गेज. एक पौंड शिशाचे सारखे बारा गोळे केले, तर त्यातल्या एका गोळ्याचा जो व्यास, तोच नळीचा. वीस गोळे केले तर २० गेज. म्हणून आकडा मोठा, नळी बारीक. फोर-टेन (.४१०) हे त्याहून बारीक नळीचं माप मात्र या हिशेबातलं नाही. तो नळीचा व्यासच आहे, इंचाचे ४१० हजारांश.

काउंटरवर पहिला सल्ला मिळतो तो साडेतीन इंची चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं ती जागा) १२ गेजचा. मीही तीच घेतली होती. त्यातलं जड काडतूस हरणासाठी वापरतात त्या बहुतेक रायफलींपेक्षा जास्त धक्का देतं. दोन बारांनंतर खांदा नको म्हणतो, तिसऱ्या बाराला चाप ओढायच्या आधीच डोळे मिटतात आणि नळी खाली झुकते. माझा झोत खाली जात होता, त्याचं अर्धं कारण हेच होतं. अशा बंदुकीनं सरावही होत नाही, कारण सराव नकोसाच वाटतो.

मधल्या काळात काडतुसं फार बदलली. टंगस्टन सुपर शॉट, म्हणजे टीएसएस, या छऱ्याची घनता घनसेंटिमीटरला १८ ग्रॅमच्या आसपास असते, शिशाची अकराच्या थोडी वर. धातू जड असल्यानं बारीक छर्राही लांबवर जोर टिकवतो, आणि बारीक असल्यानं एका काडतुसात जास्त मावतात. छऱ्याचा नंबर जितका मोठा, तितका छर्रा बारीक. पावणेदोन औंस वजनाच्या ५ नंबरच्या शिशाच्या १२ गेज काडतुसात सुमारे ३०० छर्रे असतात. दीड औंसाच्या ९ नंबरच्या टीएसएसच्या २० गेज काडतुसात ५४० च्या वर. म्हणून आज तीन इंची चेंबरची २० गेज टर्कीला पुरून उरते. फोर-टेनही चालते, पण फक्त टीएसएससह, कमी अंतरावर, आणि तुमच्या राज्याची परवानगी असेल तर. टीएसएसचं एक काडतूस दहा डॉलरच्या आसपास किंवा त्याहून महाग पडतं, हे खरं. पण सीझनला लागतात किती? दोन-तीन.

शिसंच वापरायचं असेल आणि धक्का सोसत असेल, तर तीन इंची १२ गेज उत्तम. रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० सारखी साधी पंप-ॲक्शन (पुढची मूठ मागेपुढे ओढून काडतूस बदलणारी) बंदूक वर्षानुवर्षं हे काम करत आली आहे. सेमी-ऑटो, म्हणजे काडतूस आपोआप बदलणारी बंदूक, धक्का थोडा गिळते, पण महाग असते आणि साफसफाई जास्त मागते. ‘टर्की स्पेशल’ असं छापलेल्या रंगीत नळीसाठी जादा पैसे देऊ नका. चकाकी झाकायला चिकटपट्टी पुरते.

दस्ता अंगाला न लावता घेणं

दुकानातल्या बहुतेक बंदुकांचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा मागचा भाग, चापापासून मागच्या टोकापर्यंत सव्वाचौदा इंचांच्या आसपास असतो. तो सरासरी अमेरिकी पुरुषाच्या मापाचा. माझी उंची पाच फूट एक इंच. त्या दस्त्यावर गाल टेकवायला मान ताणावी लागे, आणि दर वेळी डोळा वेगळ्या जागी येई. झोत डावीकडे जायचं कारण इथे होतं. आपल्याकडच्या कित्येक बायकांना आणि पुरुषांनाही हा त्रास होतो, आणि दोष नेमाचा समजून लोक बंदूक ठेवून देतात. दुकानात जाताना शिकारीला घालता तेच जाड जॅकेट घालून जा. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, मग डोळे उघडा. माशी, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेमाचा मणी, समोर सरळ दिसली, तर दस्ता तुमच्या मापाचा. मॉसबर्गच्या बँटमसारखी आखूड दस्त्याची मॉडेलं असतात, शिवाय चकत्या घालून लांबी वाढवता येणारे दस्तेही मिळतात. लहान मुलांची बंदूक वापरायची लाज वाटून घेऊ नका.

तुमचा कोणता डोळा बलवान आहे, म्हणजे नेम धरताना कोणत्या डोळ्याचं दिसणं पुढे येतं, हेही त्याच दिवशी बघा. उजव्या हाताच्या कित्येकांचा डावा डोळा बलवान असतो.

चोक: अरुंद म्हणजे चांगला, हा समज

नळीच्या तोंडाशी पेचानं बसणारी आखूड नळकांडी म्हणजे चोक. छऱ्यांचा झोत किती आवळायचा, हे ती ठरवते. १२ गेज नळीचा व्यास .७२९ इंच, फुल चोकचा .६९५ च्या आसपास, टर्की चोक साधारण .६७० ते .६४०. यातला सगळ्यात अरुंद तोच आणायचा, असं नवख्यांना वाटतं. पण एका मर्यादेपुढे छर्रे तोंडाशीच एकमेकांवर आदळतात, शिशाचे चेपतात, आणि झोत आवळण्याऐवजी फाटतो. शिवाय फार आवळलेला झोत पंधरा यार्डांवर मुठीएवढाच असतो. टर्की शिकाऱ्यानं काढलेल्या हाकेला साद देत पंधरा यार्डांवर येतो तेव्हा त्याची मान एका जागी थांबत नाही. जवळ आलेला पक्षी चुकतो तो बहुधा यामुळे.

चोकच्या पेचांचं माप कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिक बदलतं. मॉसबर्ग ५०० चा चोक त्याच कंपनीच्या ८३५ ला बसत नाही. दोन फेरे जबरदस्तीनं बसवला आणि बार काढला, तर नळीचं तोंड फाटू शकतं. टर्की चोकमधून स्लग, म्हणजे छऱ्यांऐवजी एकच मोठी गोळी असलेलं काडतूस, कधीही उडवायचा नाही. पोलादी छर्रेही चोकवर तशी परवानगी लिहिलेली असेल तरच.

कागदावर न तपासणं

माझी चूक ती हीच. बंदूक, चोक आणि काडतूस हे तिन्ही मिळून एक हत्यार होतं. शेजाऱ्याच्या बंदुकीत फुलासारखा पडणारा झोत तुमच्या बंदुकीत भोकाभोकांचा पडू शकतो, मॉडेल तेच असलं तरी.

पद्धत सोपी आहे. तीन फूट बाय तीन फूट कागद टांगा आणि मधोमध टर्कीच्या डोक्या-मानेचं चित्र लावा. पहिले बार पंधरा यार्डांवरून, हलक्या टार्गेट काडतुसांनी, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून. झोताचा मध्य नेमावर येतो का, एवढंच यात पाहायचं. मग ४० यार्डांवर जा, म्हणजे साडेछत्तीस मीटर, आणि शिकारीचंच काडतूस लावा. छर्रे सगळ्यात दाट जिथे पडलेत तिथे १० इंच व्यासाचं वर्तुळ काढा आणि आतली भोकं मोजा. जुन्या शिकाऱ्यांचा हिशेब शंभराचा आहे. शंभर भरली नाहीत तर ३५ वर या, मग ३० वर. भरली त्या अंतरापलीकडे बार काढायचा नाही. एकाच कागदावर विसंबू नका, प्रत्येक काडतुसाचे तीन तरी कागद करा. चोक आणि काडतूस एकाच वेळी बदललंत तर काय लागू पडलं ते कळणार नाही.

डोकं आणि मानच का? टर्कीचं अंग जाड पिसांचं, पंखांची हाडं भक्कम, आणि पूर्ण वाढलेला नर आठ-दहा किलोंचा. अंगावर बसलेले छर्रे त्याला जखमी करतात आणि तो पळतो. मेंदू आणि मानेचे मणके मिळून लक्ष्य फार लहान आहे. पिसारा फुलवून मान आत ओढलेली असताना थांबायचं. मान वर ताणली, की मग.

अंतर डोळ्यांनी ओळखण्यावरही माझा विश्वास उरलेला नाही. पालवी फुटलेल्या रानात ३५ आणि ५० सारखेच वाटतात. बसल्या जागेवरून दोन-तीन झाडांची अंतरं रेंजफाइंडरनं आधीच मोजून ठेवते. आता माझ्याकडे २० गेज आहे, आणि तिच्या दस्त्यावर चिकटपट्टी लावून माझ्या बाराची हद्द, ३८ यार्ड, लिहिलेली आहे.

पिवळं काडतूस

घरात १२ आणि २० गेज दोन्ही असतील तर हे ध्यानात ठेवाच. २० गेजची काडतुसं पिवळी असतात, त्याला कारण आहे. ते चुकून १२ गेजमध्ये गेलं तर चेंबरमधून घसरून नळीत पुढे अडकतं. मागे १२ चं काडतूस सहज बसतं. बार काढला की नळी फुटते, हातासकट. दोन गेजची काडतुसं एका जॅकेटमध्ये किंवा एका पिशवीत कधीही ठेवू नका.

लांबीचंही असंच. काडतुसावर छापलेली लांबी बार उडून त्याचं दुमडलेलं तोंड उघडल्यानंतरची असते, त्यामुळे तीन इंची काडतूस पावणेतीन इंची चेंबरमध्ये बिनतक्रार जातं आणि आतला दाब धोक्याच्या पातळीवर नेतं. वारशानं आलेली जुनी दुनळी वापरणार असाल तर आधी गनस्मिथला, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्याला, दाखवा.

छऱ्यांच्या आकारावर राज्यागणिक मर्यादा असतात. पेनसिल्व्हेनियात ४ नंबरच्या छऱ्यापेक्षा जाड शिशाचा छर्रा चालत नाही. राज्याचं चालू वर्षाचं नियमपुस्तक वाचूनच खोकं उचला.

काही बिघडलं तर

झोत सतत एका बाजूला जात असेल तर आधी चोक पूर्ण आवळलाय का बघा, मग गालाची जागा. दोन्ही ठीक असतील तर उपाय म्हणजे रेड-डॉट (नेमाच्या जागी लाल ठिपका दाखवणारी दुर्बीण) किंवा हलवता येणारा साइट. नुसत्या माशीला तुम्ही सरकवू शकत नाही. रेड-डॉट लावल्यावर पुन्हा कागद, आणि स्क्रू सैल झालेत का ते दर पाच बारांनंतर.

वर्तुळात रिकामे पट्टे दिसले तर छऱ्याचा नंबर बदला, मग चोक.

चोक निघत नसेल तर पक्कड लावू नका. बंदूक रिकामी असल्याची दोनदा खात्री करा, पेचात तेल मुरू द्या, आणि चोकचाच पाना वापरा. सीझन संपल्यावर चोक काढून पुसून ग्रीसचा पातळ हात दिला तर ही वेळ येत नाही.

पंपमध्ये रिकामं काडतूस अडकलं, तर बहुधा हात अर्ध्यावर थांबलेला असतो. शेवटापर्यंत ठामपणे ओढा. सेमी-ऑटो नवी असताना हलक्या काडतुसांवर अडखळते. पहिले काही बार जड काडतुसांचे काढा.

चाप ओढला, ‘टक’ झालं, पण बार झाला नाही: नळी सुरक्षित दिशेला तशीच धरून निदान तीस सेकंद थांबा, मगच उघडा. आणि बार नेहमीसारखा न वाजता फुसका वाजला, तर पुढचं काडतूस भरू नका, समोर पक्षी उभा असला तरी. बंदूक पूर्ण रिकामी करा, शक्य असेल तर नळी उतरवा, आणि मागच्या बाजूनं उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघा. आत वॅड, म्हणजे काडतुसातला छऱ्यांमागचा बोळा, अडकलेला असेल तर काठीनं ढकलून काढा, आणि त्या खोक्यातली उरलेली काडतुसं वेगळी काढून ठेवा.