कुस्कोजवळ कुय खायला जाताय? या चुका टाळा

माचू पिचूच्या निमित्ताने पेरूला गेलात की कुस्कोत मुक्काम होतोच, आणि मग कोणीतरी म्हणतं की कुय खाल्ल्याशिवाय परत यायचं नाही. कुय म्हणजे गिनीपिग. अँडीजमध्ये हजारो वर्षांपासून घरोघरी पाळतात आणि सणासुदीला खातात. कुस्कोच्या कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाताचं अठराव्या शतकातलं येशूच्या शेवटच्या भोजनाचं चित्र आहे, त्यातल्या मधल्या ताटात कुयच आहे असं तिकडचे लोक अभिमानाने दाखवतात. इतक्या मानाचा पदार्थ आहे तर नीट खा ना!

सगळ्यात मोठी चूक वेळेची. लोक दिवसभर फिरून रात्री जेवायला म्हणून कुयेरिया शोधतात, पण ही साधी घरगुती हॉटेलं मुळात दुपारची, संध्याकाळी भट्टी विझलेली असते. कुस्कोपासून वीसेक किलोमीटरवर तिपोन नावाचं गाव आहे, रस्त्याच्या कडेला ओळीने कुयेरिया, उर्कोसकडे जाणारी लोकल बस तिथे सोडते. बाराच्या सुमारास पोचा, आधी ऑर्डर द्या, कारण चांगल्या ठिकाणी कुय ऑर्डरनंतर भट्टीत जातो, पाऊण-एक तास सहज जातो. पाच मिनिटांत आला तर तो सकाळचा गरम केलेला, कातडी चिवट लागणार. तसं झालं तर गप्प बसू नका, परत भट्टीत घालून कुरकुरीत करून द्या म्हणून सांगा.

दुसरं, कुस्को साधारण 3,400 मीटर उंचीवर आहे. पोचल्या दिवशीच एवढं तेलकट, जड जेवलात की पोट फुगणार, डोकं ठणकणार. पहिले एक-दोन दिवस सूप आणि कोकाच्या पानांचा चहा, कुय नंतर.

आता ताट समोर आलं. अख्खा कुय, डोकं, दात, पंजे सगळं दिसतं. बघवत नसेल तर ऑर्डर देतानाच "सिन काबेसा, एन त्रोसोस" म्हणजे डोकं नको, तुकडे करून असं सांगा, कोणी वाईट मानत नाही. काटा-सुरी मात्र बाजूला ठेवा. हाडं बारीक, मांस थोडं, सुरीने अर्धं ताटातच राहतं. मागची तंगडी हाताने पिळून सुटी करा, तिथे आणि पाठीवर खरं मांस आहे. कातडी काढून ठेवणं म्हणजे तर पैसे वाया, अर्धी मजा त्या कुरकुरीत कातडीत. पोटात वाकाताय भरलेला असतो, आपल्या झेंडूच्या कुळातला उग्र वासाचा पाला, सोबत लसूण आणि जिरं, तो फासळ्यांना चिकटलेला मसाला बोटाने खरवडून बटाट्याबरोबर खा.

सोबत भरलेला रोकोतो येतो, दिसायला लाल ढोबळी मिरची, आत काळ्या बिया. भरण्याआधी उकळून त्याचा तिखटपणा कमी करतात, पण शेजारच्या वाटीतली उचुकुता चटणी कच्च्या रोकोतोची असते. आपण ठेचा खातो, आपल्याला काय होतंय म्हणून मोठा घास घेऊ नका. लागलंच तर पाणी नको, चीज किंवा बटाटा खा.

चिचा दे होरा, म्हणजे मोड आलेल्या मक्याचं आंबूस पेय, मोठ्या ग्लासात मिळतं. त्यात अल्कोहोल असतं, उंचीवर जपूनच प्या. शेजारच्या टेबलावर कोणी पहिला घोट जमिनीवर सांडला तर तो पाचामामाचा, धरणीमातेचा वाटा आहे, हसू नका.

ग्रुपमध्ये कोणी शाकाहारी असेल तर "मांस नको" एवढंच सांगून भागत नाही, किन्वाचं सूपसुद्धा बऱ्याचदा मांसाच्या पाण्यात शिजवलेलं असतं. चोक्लो कोन केसो मागवा, उकडलेलं मोठ्या दाण्यांचं कणीस आणि ताजं चीज.

आणि कॉर्पुस क्रिस्तीच्या सणात, बहुतेकदा जूनमध्ये गेलात आणि चिरिउचु मागवलं तर त्यातला कुय गार असतो, चीज, समुद्री शेवाळ, माशाची अंडी, भाजलेला मका यांच्याबरोबर. तो गारच खायचा असतो, गरम करून द्या म्हणून परत पाठवू नका.