काकाडूला जाताय? मगरी, भित्तिचित्रं आणि पाण्यापासून किती लांब उभं राहायचं ते

ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या आपल्या लोकांकडे आईबाबा आले की सिडनी होतं, मेलबर्न होतं, ग्रेट ओशन रोड होतो आणि मग कोणीतरी पार उत्तरेकडच्या डार्विनचं नाव काढतं. आम्ही जुलैमध्ये बाबांना घेऊन तिथल्या काकाडू नॅशनल पार्कला जाऊन आलो, तेव्हापासून ओळखीतले चारपाच जण विचारतायत की कसं जायचं, मगरींचं खरंच एवढं आहे का, म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं.

आधी कधी जायचं ते. मे ते ऑगस्ट. बस्स. दिवाळीच्या सुट्टीत प्लॅन करत असाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तिथे 37-38 डिग्री आणि वर असा दमटपणा की मुंबईचा मे महिना बरा वाटेल, आणि डिसेंबरच्या सुट्टीत गेलात तर पावसाने निम्मे रस्ते बंद असायची शक्यता. तिथले मूळचे लोक, म्हणजे उत्तर भागातले बिनिंज आणि दक्षिणेतले मुंगुय, वर्षाचे दोन नाही तर सहा ऋतू मानतात. गुजेवग म्हणजे धो-धो पावसाळा, मग एप्रिलमधलं बांगेरेंग, ज्यात उंच वाढलेलं गवत वादळाने आडवं होतं, असं करत गुनुमेलेंगपर्यंत, म्हणजे पावसाआधीची तगमग. आपल्याला मृगाचं नि रोहिणीचं गणित माहितीये त्यामुळे हे पटकन कळतं. जून-जुलैत रस्त्याकडेला छोटे छोटे वणवे दिसले तर घाबरू नका, बहुतेक वेळा ते मुद्दाम लावलेले असतात, गार हवेत थोडं थोडं जाळून घेतलं की पुढे उन्हाळ्यात सगळं रान एकदम पेटत नाही. ही पद्धत पार्कची नाही, तिथल्या लोकांची हजारो वर्षांपासूनची आहे.

डार्विनहून जाबिरू, म्हणजे पार्कमधलं छोटं गाव, साधारण 250 किमी, तीन तास. पार्कचा पास आधीच ऑनलाइन काढा. उबिर आणि बुरुंगकुय (दोन्हीकडे भित्तिचित्रं) आणि यलो वॉटर (इथे बोटीची फेरी) या तिन्ही ठिकाणी कोरड्या दिवसांत साध्या गाडीने जाता येतं, जिम जिम धबधब्याला मात्र फोर व्हील ड्राइव्हच लागते, आणि भाड्याची गाडी असेल तर करारात कच्च्या रस्त्याचं काय लिहिलंय ते वाचा, बहुतेकदा चालत नाही. निघताना रोज सकाळी रस्त्यांचा रिपोर्ट बघा.

आता मगरी. बाबा सांगलीचे, त्यामुळे पहिल्याच दिवशी ऐकवलं की आमच्या कृष्णेत काय कमी मगरी आहेत का. आहेत, पण ती मगर वेगळी. इथली खाऱ्या पाण्यातली मगर पाच-सहा मीटरपर्यंत वाढते, आणि नावात खारं पाणी असलं तरी गोड्या पाण्यात, समुद्रापासून कितीतरी आत, आरामात राहते. दुसरी गोड्या पाण्यातली, लहान, निमुळत्या तोंडाची, ती शक्यतो वाटेला जात नाही पण तीही चावते. 1971 मध्ये शिकारीवर बंदी आली, तेव्हापासून मोठ्या मगरी पुन्हा भरपूर झाल्यात. गंमत म्हणजे नदीचं नाव ईस्ट अ‍ॅलिगेटर रिव्हर, 1820 च्या सुमाराला एका इंग्रज कप्तानाने मगरींना अ‍ॅलिगेटर समजून नाव ठेवलं आणि तेच चिकटलं.

त्या नदीवर काहिल्स क्रॉसिंग आहे, पाण्यातून जाणारा काँक्रीटचा बुटका रस्ता. भरतीचं पाणी उलटं आत शिरायला लागलं की मासे रस्त्यावरून उड्या मारत पलीकडे जातात आणि मगरी तोंड उघडून रांगेत उभ्या, आम्ही बघायच्या प्लॅटफॉर्मवरून अकरा मोजल्या. त्याच्या अर्धा तास आधी बाबा सवयीने पँट वर करून, चपला हातात घेऊन बोटीच्या उतारावर पाय धुवायला निघाले होते. मागून एक मासे धरणारा माणूस असा ओरडला की मलाच धडकी भरली. नंतर त्या अकरा बघून बाबा बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "पाय राहू दे तसेच."

तर नियम असा: काठापासून निदान 5 मीटर लांब, तंबू निदान 50 मीटर लांब, मासे काठावर साफ करायचे नाहीत, खरकटं टाकायचं नाही, आणि रोज त्याच वेळी त्याच जागी पाण्याजवळ जायचं नाही कारण मगर बघत असते. पाणी शांत आहे, बोर्ड नाही, लोकल पोरं पोहतायत, यातलं काहीही पुरावा नाही. पावसाळ्यानंतर रेंजर काही डोहांत सर्व्हे करतात, सापळे लावतात आणि मगच ते उघडतात, तरी पार्कवाले स्वतःच सांगतात की उतराल ते तुमच्या जबाबदारीवर. मी तर म्हणेन हॉटेलचा पूल आहे की. मगरी जवळून बघायच्या तर यलो वॉटरची पहाटेची बोट घ्या, कमळाच्या पानांवरून चालणारा जकाना पक्षी, हजारोंनी मॅगपाय गीज (काळेपांढरे हंसासारखे पक्षी), पैसे वसूल.

चित्रांसाठी मात्र वेळ काढा, घाईत उरकू नका. उबिरला साधारण 1 किमीचा फेरा आहे. एक्स-रे पद्धतीचे बारामुंडी मासे, ज्यात पाठीचा कणा आणि आतडी सुद्धा काढलेली, आणि वर उंचावर एक थायलेसिन, पट्टेवाला प्राणी जो ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवरून 2,000 ते 3,000 वर्षांपूर्वीच संपला, म्हणजे चित्र किती जुनं ते तुम्हीच बघा. जुनी चित्रं बहुतेक लाल का दिसतात तर लाल गेरू दगडात मुरतो, पांढरा रंग पापुद्र्यासारखा गळून जातो. चित्राच्या वर दगडावर एक बारीक पारदर्शक रेघ दिसली तर नीट बघा, ती सिलिकॉनची आहे, पावसाचं पाणी चित्रावर न येता बाजूने वळावं म्हणून. एवढी काळजी घेतात आणि आपण हात लावून फोटो काढायचा, नको. (आपल्या गडांवर बदामात नावं कोरणाऱ्यांनी तर लांबच थांबावं.)

बुरुंगकुयला नमारकोन म्हणजे विजेच्या पुरुषाचं चित्र आहे, गुडघ्या-कोपरांना दगडी कुऱ्हाडी बांधलेल्या, त्या आपटल्या की गडगडाट. पावसाच्या आधी केशरी-निळे टोळ दिसतात, ती त्याची मुलं, असं तिथले लोक मानतात. बोर्डावरच्या या गोष्टी वाचूनच पुढे जा. आणि जिथे जाऊ नका लिहिलंय तिथे खरंच जाऊ नका. दक्षिणेकडे जावोइन लोक ज्याला आजाराचा मुलूख म्हणतात तिथल्या जमिनीत युरेनियम, आर्सेनिक नैसर्गिकरित्याच जास्त आहे, आणि 1991 मध्ये तिथली कोरोनेशन हिलची खाण सरकारने या लोकांचं ऐकून नाकारली. आणि उत्तरेकडे, जाबिरूच्या बाजूला, माजेदबेबे म्हणून जागा आहे जिथे माणसाच्या वस्तीच्या खुणा सुमारे 65,000 वर्षांच्या निघाल्यात, म्हणजे आपण पाहुणे म्हणजे अगदीच कालचे. माणसांचे फोटो विचारून काढा, ड्रोन परवानगीशिवाय नाही. काहिल्स क्रॉसिंगपलीकडे आर्नहेम लँड, म्हणजे मूळच्या लोकांच्या मालकीचा मुलूख, तिथे वेगळा परमिट लागतो, "जरा पुढपर्यंत बघून येऊ" चालत नाही.

चालताना तासाला माणशी 1 लिटर पाणी, जुलैत सुद्धा. नेटवर्क जाबिरू आणि यलो वॉटरजवळच्या कुइंडाच्या आसपास, मध्ये काहीच नाही, त्यामुळे कुठे जाताय ते कोणाला तरी सांगून जा, मॅप डाउनलोड करा. इमर्जन्सी नंबर 000, मोबाइलवरून आपला 112 पण चालतो, पण रेंज हवी.

आणि अंधार पडायच्या आत मुक्कामी. संध्याकाळी वॉलबी (छोट्या कांगारूसारखे प्राणी) रस्त्यावर येतात आणि म्हशी सुद्धा. बाबांनी म्हैस बघितल्यावर गाडी थांबवायला लावली, घरचीच असल्यासारखं दार उघडायला लागले. या 19व्या शतकात आशियातून आणलेल्या म्हशींच्या रानात वाढलेल्या पिढ्या आहेत, सरळ अंगावर येतात. काच वर, फोटो आतूनच.