चवथ झाली, आता कोर्ट धुवायला काढा

गेल्या महिन्यात दुसऱ्या कॉलेजातल्या तरुण सरांचा फोन आला. टेनिस कोर्टाच्या दुरुस्तीला पैसे मंजूर व्हायची चिन्हं आहेत, निळा रंग घेऊ की हिरवा? म्हटलं, रंगाचं नंतर बघू. आधी पाणी कुठे साचतं ते शोधा. गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका कॉलेजात मी बावीस वर्षं खेळाचा मास्तर होतो. आमचं एकुलतं एक कोर्ट दोनदा रंगवलेलं आणि दोन्ही वेळा फुकट गेलेलं मी पाहिलंय. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आपल्याकडे. त्याच्यापुढे नुसत्या रंगाचं काय चालणार?

पाऊस ओसरला की पहिलं शेवाळ काढायचं. ब्लीचचं पातळ पाणी शिंपडा, थोडा वेळ मुरू द्या आणि नायलॉनच्या ब्रशाने घासून भरपूर पाण्याने धुवा. रंग उडतोय का ते आधी एका कोपऱ्यात बघून घ्या. ब्लीचमध्ये संडास धुवायचं ॲसिड मिसळायचं नाही, विषारी वायू होतो. गाड्या धुवायचा पंपही नको. घाईच्या नादात मी एकदा तो भाड्याने आणला होता. नोझल जरा जवळ गेलं आणि बेसलाइनजवळचं ॲक्रिलिक, म्हणजे कोर्टाच्या रंगाचा थर, पापडासारखं सुटून आलं. प्रिन्सिपॉल सर काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

आता मुख्य काम. ऊन असलेला दिवस धरा आणि सकाळी पाइप लावून अख्खं कोर्ट भिजवा. पाणी बंद केल्यावर तासभर थांबा. मग खिशात रुपयाचं नाणं आणि हातात खडू घेऊन फिरा. जिथे डबकं उरलंय तिथे नाणं आडवं ठेवायचं. नाणं बुडलं तर तो खड्डा, त्याच्या कडेने खडूने रेघ ओढायची. नुसती ओल असेल तर सोडून द्या. पाणी आटताना आतली दुसरी, तिसरी रेघ ओढलीत तर खोल भाग कुठे आहे तेही कळतं. आमच्या कोर्टावर असे अकरा खड्डे निघाले, त्यातले सात डोंगर कापलेल्या बाजूला. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

मग उतार तपासा. गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी पुरते. मोकळ्या जागेसकट कोर्ट 36.57 मीटर लांब आणि 18.29 मीटर रुंद असतं. उतार एकाच दिशेला हवा, शक्यतो एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, साधारण शंभराला एक. म्हणजे रुंदीच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पंधरा ते अठरा सेंटिमीटरचा फरक यायला हवा. नेटखाली उंचवटा करून दोन्हीकडे पाणी काढलेलं असेल तर ते कोर्ट मुळातच चुकलंय.

आमचा उतार बरोबर होता. रोग जमिनीत होता. जांभा पाणी पितो आणि पाऊस थांबल्यावरही कापलेल्या कड्यातून झिरपत राहतो. ते पाणी कोर्टाच्या डांबराखाली शिरतं, ऊन तापलं की वाफ वर ढकलते आणि रंगाला फोड येतात. असा फोड अंगठ्याने दाबून बघा, मऊ लागतो, कधी आतून पाणीही येतं. त्यावर उपाय म्हणजे डोंगराच्या बाजूला कोर्टाच्या पायापेक्षा खोल चर, त्यात खडी आणि भोकांचा पाइप. पाइपाचं तोंड मात्र खाली उतारावर उघडं सोडायचं. आमच्या माळीमामांनी ते दर जूनमध्ये साफ करायचा नेम धरला आणि फोड थांबले.

खड्डे भरणं त्यामानाने सोपं. ॲक्रिलिक बाइंडर, वाळू, सिमेंट यांचं मिश्रण खडूच्या रेघेपर्यंत पसरायचं आणि लांब सरळ पट्टीने ओढून घ्यायचं. वाळल्यावर पुन्हा पाणी, पुन्हा नाणं. नवं डांबर घातलं असेल तर कंत्राटदार कितीही घाई करो, रंगाला किमान दोन आठवडे तरी थांबवा.

नेट मधे 91.4 सेंटिमीटर, खांबांपाशी 107. टेप नसेल तर एक रॅकेट उभी धरा आणि तिच्यावर दुसऱ्या रॅकेटचं डोकं आडवं ठेवा, मधली उंची जवळजवळ नेमकी मिळते. नेट मे अखेरीस काढून कोरड्या खोलीत ठेवा आणि खांबावरच्या नेट ताणायच्या चरकाला ग्रीस लावा, नाहीतर ऑक्टोबरात हातोडा घ्यावा लागतो.

पैशाच्या अर्जात आधी चर लिहा, मग खड्डे, मग रंग, मग कुंपणाची जाळी. दिवे शेवटी. दिव्यांना बटण असतं, बटण दाबायला पाहुणे येतात, म्हणून कमिटीला ते आधी हवे असतात. अशा वेळी खडूच्या रेघांचे फोटो पुढे ठेवायचे. आमच्या मीटिंगमध्ये मी तेच केलं. एका सदस्यांनी फोटो उलटा धरून विचारलं, "हा गोव्याचा नकाशा का?"

चर मात्र त्याच वर्षी मंजूर झाला.