कबरीवरचा क्रॉस बदलून तारा बसवायचा असेल तर आधी काय काय जमवायचं

अमेरिकेच्या परदेशातल्या लष्करी दफनभूमींमध्ये, नॉर्मंडी असो की मनिला, दुसऱ्या महायुद्धात पडलेले काही ज्यू सैनिक अजून क्रॉसखालीच आहेत. ज्यू असल्याची नोंद नाही मिळाली की क्रॉस लागायचा, आणि नाझींच्या हाती सापडलो तर काय या धास्तीने काही ज्यू पोरांनी गळ्यातल्या ओळखीच्या बिल्ल्यावर धर्म सांगणारा हिब्रूचा, म्हणजे ज्यूंचा, एच घेतलाच नव्हता, कुणी तर प्रोटेस्टंटचा पी घालून घेतला. 2018 ला नॉर्मंडीत बेंजामिन गॅराडेट्स्की या ज्यू सैनिकाच्या कबरीवर डेव्हिडचा तारा, म्हणजे ज्यूंची खूण, बसला, अशा कबरी शोधणाऱ्या ऑपरेशन बेंजामिन या संस्थेचं नाव त्याच्यावरूनच, आणि तेव्हापासून ही मंडळी एकेक नाव शोधून काढतायत. मला हे काम फार मोलाचं वाटतं. पण ते भावनेवर होत नाही, कागदावर होतं.

म्हणून तुमच्या ओळखीतल्या कुटुंबाला हे करायचं असेल तर सगळ्यात आधी सैनिकाचा सर्व्हिस नंबर आणि कबरीचा प्लॉट, रांग, क्रमांक पक्का करा, कारण एकाच नावाचे बरेच जण निघतात आणि स्पेलिंगही दर कागदावर वेगळं. मग त्याची मृत सैनिकाची फाइल मागवा. 1973 च्या सेंट लुईसच्या आगीत लष्कराचे लाखो सर्व्हिस रेकॉर्ड जळाले हे ऐकून लोक तिथेच हात टेकतात, पण ही फाइल वेगळी असते, तिची मागणी कराच. ती नुसती चाळू नका, नीट बसून वाचा, कारण दफनाबद्दल घरच्यांनी सरकारला लिहिलेली पत्रं त्यात असू शकतात आणि क्रॉस घरच्यांनीच मागितला होता असं निघालं तर अर्ज लगेच थांबवून आधी नातेवाइकांशी बोलायला हवं.

ज्यू वेल्फेअर बोर्ड या अमेरिकेतल्या ज्यू संस्थेने युद्धात पडलेल्या ज्यू सैनिकांची कार्डं बनवली होती, ती शोधा. जनगणनेत धर्म विचारत नसत, पण 1920 आणि 1930 च्या तक्त्यात परदेशातून आलेल्या आईबापांच्या भाषेपुढे यिडिश, म्हणजे युरोपातल्या ज्यूंची बोली, दिसलं तर तो धागा धरा. आईवडिलांच्या थडग्यावरच्या हिब्रू मजकुराचा फोटो, सिनेगॉगची (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाची) नोंद, बार मित्झ्वाचा (मुलगा वयात येतानाच्या ज्यू विधीचा) फोटो, जे मिळेल ते जोडा. नुसतं आडनाव ज्यू वाटतं एवढ्यावर जाऊ नका, तो पुरावा नाही.

संमती लेखी घ्या, आणि एकाच पुतण्याची घेऊन मोकळे होऊ नका, बाकीच्या भावंडांच्या मुलांनाही विचारा, सैनिकाने धर्म बदलला होता का हेही स्पष्ट विचारा, त्याने स्वतः निवडलेला धर्म आपण पुसायचा नाही. अर्ज जातो अमेरिकन बॅटल मॉन्युमेंट्स कमिशनकडे, 1923 ला स्थापन झालेली ही सरकारी संस्था या दफनभूमी सांभाळते, आणि निर्णय त्यांचाच. होकार आल्याशिवाय विमानाची तिकिटं काढू नका.

समारंभाला कडिश, म्हणजे मृतांसाठीची ज्यू प्रार्थना, म्हणायचं तर दहा प्रौढ ज्यू लागतात, रूढ परंपरेत दहा पुरुष, ते आधीच मोजून ठेवा. कडिश इंग्रजी अक्षरांत छापून न्या, घरातल्या तरुणांना हिब्रू वाचता येतंच असं नाही. ज्यू रिवाजाप्रमाणे फुलांपेक्षा कबरीवर ठेवायला खडे घ्या. आणि तारीख ठरवताना शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र, म्हणजे ज्यूंचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस, सोडा, ज्यू सणांचं कॅलेंडरही बघून घ्या.