विद्यापीठातील प्रोग्रामिंगचा पहिला विषय: पाटी कोरी असताना सुरुवात कशी करावी

विद्यापीठात प्रोग्रामिंगचा पहिला विषय घेतलेल्या नवख्या विद्यार्थ्याला दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात एक चमत्कारिक अनुभव येतो. वर्गात फळ्यावरचा प्रोग्राम ओळ न् ओळ समजलेला असतो, पुस्तकातले उदाहरणही पटलेले असते. पण रिकाम्या पडद्यासमोर बसल्यावर पहिली ओळ काय लिहावी तेच सुचत नाही. मग ‘हे आपले काम नाही’ असा निष्कर्ष घाईने काढला जातो, आणि तो बहुधा चुकीचा असतो. दुसऱ्याचा प्रोग्राम वाचून समजणे, तो चालवण्याआधीच त्याचे उत्तर सांगता येणे आणि स्वतः प्रोग्राम लिहिणे ही तीन निरनिराळी कौशल्ये आहेत. पुष्कळ विद्यार्थी पहिल्यावरून थेट तिसऱ्यावर उडी मारतात आणि मधल्या कौशल्याचा सराव राहूनच जातो. पुढील पायऱ्यांमध्ये त्या मधल्या कौशल्यावर मुद्दाम जास्त भर दिला आहे.

१. भाषेच्या वादात वेळ घालवू नये

अभ्यासक्रमात जी भाषा नेमली असेल तीच शिकावी. पायथन १९९१ मध्ये आली, जावा १९९५ मध्ये, आणि सी तर १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची. पण व्हेरिएबल (किंमत साठवण्यासाठी दिलेले नाव), अट, लूप (त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवणे), फंक्शन (नाव दिलेला, हवा तेव्हा वापरता येणारा प्रोग्रामचा तुकडा) आणि यादी या पाच गोष्टी तिन्हींत आहेत आणि पहिल्या सत्राचा गाभा त्याच असतात. फरक आहे तो स्वभावाचा. सी ही ऑपरेटिंग सिस्टिम लिहिण्यासाठी घडवलेली भाषा असल्यामुळे ती प्रोग्रामरवर विश्वास टाकून मोकळी होते: यादीसाठी सी वापरते त्या दहा घरांच्या अॅरेमधले पंधरावे घर मागितले, तरी ती सहसा हटकत नाही आणि मेमरीत तिथे जे काही पडले असेल ते उचलून देते. पायथन तिथल्या तिथे थांबते आणि चूक दाखवते. आपली भाषा कोणत्या चुकीवर बोलते आणि कोणत्या चुकीवर गप्प राहते, एवढे पहिल्या महिन्यात ओळखता आले म्हणजे पुरे.

आणखी एक क्षुल्लक वाटणारी, पण नडणारी बाब. पहिल्याच दिवशी एक ओळ छापणारा प्रोग्राम स्वतःच्या संगणकावर आणि लॅबमधल्या संगणकावर, दोन्हीकडे चालवून पाहावा, आणि फाइल कोणत्या फोल्डरमध्ये साठते हे नीट बघून ठेवावे. असाइनमेंट देण्याच्या आदल्या रात्री फाइल शोधत बसण्याची वेळ प्रोग्रामिंग न आल्यामुळे येत नाही.

२. बरोबरचे चिन्ह नव्याने शिकावे

गणितात ‘अ = अ + १’ हे विधान सरळ खोटे आहे; प्रोग्राममध्ये ती रोजची ओळ आहे. याचे कारण असे की येथे ते चिन्ह समानता सांगत नाही, तर आज्ञा देते: उजवीकडचे आधी मोजा आणि उत्तर डावीकडच्या नावाखाली ठेवा. पास्कलसारख्या भाषेत हा घोटाळा टाळण्यासाठी त्या चिन्हाआधी विसर्ग काढावा तसे दोन टिंब देतात. सी, जावा आणि पायथन या भाषांत मात्र साधे चिन्ह आज्ञेसाठी आणि तेच दोनदा काढले की तुलनेसाठी, असा प्रघात आहे.

समजले का, ते एका प्रश्नावरून तपासता येते. अ मध्ये ५ आहे आणि ब मध्ये ९ आहे. आता ‘अ = ब’ ही ओळ चालली आणि तिच्यामागून ‘ब = अ’ ही ओळ चालली. दोघांच्या किमतींची अदलाबदल झाली का? झाली नाही, पहिल्याच ओळीत ५ पुसला गेला आणि आता दोन्हीकडे ९ आहे. ज्याने ‘झाली’ असे उत्तर दिले त्याने नाउमेद होऊ नये, पण पुढे जाण्याआधी अशी दहा-बारा उदाहरणे कागदावर करावीत.

३. प्रोग्राम कागदावर चालवावा

हीच ती मधली पायरी. प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक रकाना आखायचा, प्रोग्रामच्या एकेका ओळीवर बोट ठेवायचे, किंमत बदलली की जुनी खोडून खाली नवी लिहायची, आणि शेवटी काय छापले जाईल ते लिहून झाल्यावरच प्रोग्राम संगणकावर चालवायचा. याला ड्राय रन म्हणतात. काम कंटाळवाणे आहे हे मान्य, पण त्याला पर्याय मला तरी सापडलेला नाही.

एक उदाहरण जवळून पाहू. दिलेल्या यादीतील सर्वांत मोठी संख्या शोधायची आहे आणि विद्यार्थ्याने विचार असा मांडला आहे:

मोठी = ०
यादीतील प्रत्येक संख्या एकामागून एक घ्या
जर संख्या > मोठी, तर मोठी = संख्या
यादी संपल्यावर मोठी छापा

यादी ४, ९, २ अशी असेल तर ‘मोठी’च्या रकान्यात आधी ०, मग ४, मग ९ येईल, २ आल्यावर अट खोटी ठरेल, किंमत ९ च राहील आणि उत्तर बरोबर येईल. विद्यार्थी समाधानाने पुढच्या प्रश्नाकडे वळतो. आता यादी −७, −३, −१२ अशी घ्यावी. −७ हा ० पेक्षा मोठा नाही, −३ नाही, −१२ तर नाहीच. रकान्यात पहिल्या ओळीतला ० तसाच बसून राहतो आणि शेवटी छापला जातो. जी संख्या यादीत कुठे नाहीच, ती यादीतील सर्वांत मोठी ठरली! संगणकाने कुठेही चूक दाखवली नाही, कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. ० हा आरंभ आपण सवयीने निवडला होता. आरंभी यादीतली पहिली संख्याच ‘मोठी’मध्ये ठेवली, तर दोन्ही याद्यांचे उत्तर बरोबर येते.

पायथन ट्युटर नावाचे मोफत साधन प्रोग्रामची एकेक ओळ चालवून व्हेरिएबलच्या किमती चित्ररूपात दाखवते. ते जरूर वापरावे, मात्र कागदावरचे उत्तर लिहून झाल्यानंतर पडताळा म्हणून.

लूप शून्यापासून का मोजतात, हा प्रश्न याच टप्प्यावर पडतो. पायथनमध्ये ५ वेळा फिरणारे लूप ०, १, २, ३, ४ असे मोजते आणि ५ वर पोहोचतच नाही. एड्सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९८२ मध्ये एका छोट्या टिपणात या पद्धतीची बाजू मांडली होती: सुरुवातीचा आकडा धरला आणि शेवटचा सोडला, तर दोहोंची वजाबाकी हीच एकूण संख्या असते. हे पटले नाही तरी चालेल, पण एकाने कमी किंवा एकाने जास्त फिरणारे लूप ही नवख्यांची हटकून होणारी चूक असल्यामुळे पहिली आणि शेवटची फेरी दर वेळी हाताने तपासावी.

४. लिहिताना थोडे लिहावे, लगेच चालवावे

प्रश्न वाचल्यावर कीबोर्डला हात लावण्याआधी दोन-तीन उदाहरणांची उत्तरे स्वतः काढावीत. उत्तर हाताने काढता येत नसेल, तर अडचण प्रोग्रामिंगमध्ये नसून प्रश्न समजण्यात आहे. त्यानंतर कृती साध्या मराठीत चार-पाच ओळींत लिहावी आणि एकेका ओळीचे कोडमध्ये रूपांतर करावे. तीन-चार ओळी झाल्या की प्रोग्राम चालवावा, मधल्या किमती छापून पाहाव्यात, मग पुढे जावे. साठ ओळी एका दमात लिहून मग चालवणाऱ्याला चूक साठही ओळींत शोधावी लागते. चार ओळींमागे चालवणाऱ्याला ती बहुतेक वेळा शेवटच्या चारांत सापडते. पुस्तकातला कोड कॉपी करून चिकटवू नये, टंकित करावा. टंकताना होणाऱ्या चुकाच पुढच्या पायरीचे साहित्य आहेत.

५. चुकीचा संदेश पूर्ण वाचावा

लाल अक्षरे दिसली की खिडकी बंद करण्याची सवय अनेकांना लागते. वास्तविक संदेशात चुकीचा प्रकार आणि ओळीचा क्रमांक दोन्ही दिलेले असतात. पायथनचा संदेश खालून वर वाचावा, कारण नेमके कारण शेवटच्या ओळीत असते: ‘नेमएरर’ म्हणजे न ओळखलेले नाव, आणि त्यामागे बहुधा स्पेलिंगची चूक, ‘इंडेंटेशनएरर’ म्हणजे ओळीच्या सुरुवातीची मोकळी जागा बिघडलेली. सी शिकणाऱ्याने उलट करावे. कंपायलरने (लिहिलेला प्रोग्राम संगणकाला चालवता येईल अशा रूपात बदलणाऱ्या साधनाने) वीस चुका दाखवल्या तरी फक्त सर्वांत वरची सुधारून पुन्हा कंपाइल करावे, कारण खालच्या अनेक चुका त्या एकीचीच पिलावळ असतात. दाखवलेल्या ओळीत काहीच वावगे दिसत नसेल, तर तिच्या वरची ओळ पाहावी. न मिटवलेला कंस पुष्कळदा तिथे सापडतो.

संदेशच न देणाऱ्या चुका अधिक छळतात. माझ्या पहिल्या सत्रात सी भाषेतील एका ‘व्हाइल’ लूपची (अट खरी असेपर्यंत फिरत राहणाऱ्या लूपची) अट लिहून झाल्यावर सवयीने अर्धविराम पडला होता. भाषेच्या नियमानुसार त्या अर्धविरामाचा अर्थ ‘काहीही न करणारे लूप’ असा होतो, त्यामुळे कंपायलरने तक्रार केली नाही आणि प्रोग्राम नुसताच लुकलुकत उभा राहिला. एक अख्खी दुपार मी लूपच्या आतल्या ओळी बदलत बसलो. आत तो प्रोग्राम एकदाही शिरला नव्हता. लूपच्या आतल्या पहिल्याच ओळीवर काहीतरी छापून पाहिले असते तर ते मिनिटभरात कळले असते.

याच जातीच्या आणखी दोन चुका लक्षात ठेवाव्यात. पायथनमध्ये वापरकर्त्याने दिलेली माहिती मजकूर म्हणून येते, त्यामुळे संख्येत न बदलता ५ आणि ३ ची बेरीज केली तर उत्तर ५३ येते. सी आणि जावामध्ये पूर्णांक ७ ला पूर्णांक २ ने भागले तर उत्तर ३ येते, साडेतीन नव्हे. सरासरी काढणारे कितीतरी प्रोग्राम इथेच फसतात.

६. मदत मागावी, पण प्रश्न तयार करून

‘चालत नाही’ हा प्रश्न नव्हे. मी काय दिले, काय अपेक्षित होते आणि काय मिळाले, ही तीन वाक्ये लिहून मगच शिक्षकांकडे किंवा मित्राकडे जावे. ती लिहिता लिहिताच निम्म्या वेळा चूक सापडते. चॅटबॉट वापरण्याबाबत आपल्या विभागाचा नियम आधी वाचावा. नियमात बसत असेल तर चुकीच्या संदेशाचा अर्थ विचारण्यापुरता त्याचा उपयोग करावा. तयार उत्तर मागून घेतले तर ते वाचून समजते, म्हणजे आपण पुन्हा पहिल्याच कौशल्यावर येऊन थांबतो, आणि परीक्षेत तिसरे कौशल्य विचारलेले असते.

७. परीक्षेची तयारी पेनाने करावी

अनेक ठिकाणी परीक्षेत कोड कागदावर लिहावा लागतो आणि ‘या प्रोग्रामचे उत्तर काय येईल’ असे प्रश्न असतात. तिसऱ्या पायरीवर वेळ दिलेल्या विद्यार्थ्याला ते जड जात नाहीत. स्वतः लिहिलेला प्रोग्राम तपासताना सोयीचे उदाहरण घेऊ नये. ऋण संख्या, एकसारख्या संख्या, एकच घटक असलेली यादी अशी अडचणीची उदाहरणे घ्यावीत. सर्वांत मोठ्या संख्येचा आपला सुधारलेला प्रोग्रामसुद्धा यातून सुटत नाही: यादी रिकामीच असेल, तर ‘मोठी’मध्ये ठेवण्यासाठी पहिली संख्या आणायची कुठून?